वाटी छोटी, घास घट्ट

सहा महिन्यांपर्यंत बाळ छान बाळसं धरतं. अंगणवाडीतल्या काट्यावर दर महिन्याला आकडा पुढे सरकतो, कार्डावरची रेष चढत जाते. मग उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचा पहिला घास घेतं, आणि बऱ्याच घरांत नेमकी तिथून पुढे वजनाची रेष आडवी पडायला लागते. सातव्या महिन्यात वाढ जेमतेम, आठव्यात त्याहूनही कमी. घरात कारणांचा शोध सुरू होतो. दात येताहेत, दृष्ट लागली, रांगायला लागलं म्हणून अंग आटलं. आई बिचारी सांगत असते, "खायला तर सगळं देते मी. वरणाचं पाणी देते, भाताची पेज देते. वाटीभर पितं ते."

वाटीभर पितं, तरी वाढत नाही. मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीच्या उंच इमारती आहेत आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या डोंगरातल्या वाड्या. राहणीमानात जमीन-अस्मानाचा फरक, पण हे कोडं दोन्हीकडे पडतं. त्याचं उत्तर दातांत नाही, दृष्टीतही नाही. ते वाटीत आहे.

सहाव्या महिन्यात असं काय बदलतं?

पहिले १८० दिवस बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पुढेही दूध तितकंच उत्तम असतं, पण बाळाची गरज त्याच्या पुढे निघून जाते. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन जन्मवजनाच्या दुप्पट झालेलं असतं. ते पालथं पडतं, सरकतं, हातपाय झाडतं, मेंदू झपाट्याने वाढत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी वरच्या आहारातून मिळायला हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला ५५०. वर्षाच्या आत निम्म्या किंवा त्याहून जास्त गरजा अजूनही आईचं दूधच भागवतं. म्हणून वरचं सुरू करणं म्हणजे दूध तोडणं नव्हे. दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायचं असतं.

याच सुमारास बाळाचं शरीरही तयार होतं. लहान बाळाच्या तोंडात चमचा घातला तर जीभ तो बाहेर ढकलते. ही त्याची जन्मजात संरक्षणाची सवय आहे आणि ती चार ते सहा महिन्यांदरम्यान मावळते. मान सावरते, आधाराने बसता येतं, कुणी जेवताना दिसलं की डोळे त्या हातामागे फिरतात. ही चिन्हं आणि सहा महिने पूर्ण, दोन्ही जुळलं की वेळ झाली.

आपल्याकडे मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायची रीत आहे. रीत गोड आहे, ती जरूर पाळावी. मात्र पोटाला मुलगा-मुलगी हा भेद नसतो. मुहूर्त आठव्या महिन्यातला निघाला म्हणून घास दोन महिने लांबवू नये, आणि पाचव्यातला निघाला तर बोटावरच्या खिरीने ओठ ओले करून खरं खाणं सहा महिने भरल्यावर सुरू करावं.

वरणाच्या पाण्याचा हिशेब

बाळाचं पोट किती मोठं असतं? किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावेल एवढं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटर राहतं. घरातली एक मोठी वाटी समजा.

आईच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६५ कॅलरी असतात. गाळून घेतलेल्या पातळ पेजेत किंवा लापशीत तेवढ्याच मापाला वीस ते तीस. म्हणजे ज्याला आपण 'वरचं खाणं' म्हणतो, ते आईच्या दुधाच्या निम्म्याहूनही हलकं असतं. दीडशे मिलिलिटर पेज पिऊन बाळाला तीस-चाळीस कॅलरी मिळतात. तेवढ्या पेजेवर २०० चा आकडा गाठायचा तर दिवसाला पाच-सहा वाट्या लागतील. आणि पोट पेजेने तुडुंब भरलं की बाळ दूधही कमी पितं. सकस गोष्ट बाहेर राहिली आणि पाणी आत गेलं, असा हा उलटा सौदा आहे.

वरणाच्या पाण्याचं तर त्याहून वाईट. डाळीतली प्रथिनं, लोह, पिष्ट हे सगळं डाळीच्या गरात असतं. तो गर खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी बाळाच्या वाट्याला येतं. खालचा गर मोठ्यांच्या ताटात जातो. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. बाळाला जड पडू नये, घशात अडकू नये, याच काळजीपोटी ते गाळलेलं असतं. पण ज्या बाळाला डाळीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, हे आपण डोळे उघडून पाहिलं पाहिजे.

घट्टपणा ओळखायला यंत्र लागत नाही. चमच्यात घास घेऊन चमचा तिरपा करा. घास लगेच ओघळून गेला तर तो पातळ. चमच्यावर टिकून हळूच घसरला तर तो बाळाच्या कामाचा.

मग लोक पातळ का करतात?

कारण पिठाचा एक स्वभाव आहे. तांदूळ, नाचणी, गहू यांतला मोठा भाग पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. त्या बारीक दाण्यांत घट्ट गुंडाळलेल्या असतात. पाण्यात घालून तापवलं की दाणे पाणी पितात, फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या बाहेर पडून एकमेकींत गुंततात. न मोडता शिजवलेल्या शेवयांचा कसा एकमेकींत अडकून एकच गोळा होतो, तसंच हे. त्याच शेवया आधी चुरून घातल्या तर खीर सुटी राहते, चमच्यातून सहज ओतता येते.

आता बाळाच्या लापशीचा विचार करा. वाटीभर पाण्यात चमचा-दीड चमचा पीठ घातलं तर ती पिण्याजोगी होते. तीनपट पीठ घातलं तर गोळा होतो, बाळ तो गिळत नाही, तोंड फिरवतं. मग आई काय करते? पाणी घालते. गोळा सैल होतो, पण वाटी तेवढीच असल्याने त्यातलं पीठ पुन्हा एक-दीड चमच्यावर येतं. आई चुकत नाही, तिला पिष्टाचा स्वभाव नडतो.

मुळशी-मावळच्या भाताला तर चिकटपणा उपजतच आहे. इथला आंबेमोहर शिजला की मऊ, आसट होतो. म्हणूनच आजारी माणसाला आणि बाळाला पेज करायची तर तोच तांदूळ हवा, असं जुनी माणसं सांगतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी हा आंबेमोहराच्याच घराण्यातला, तोही मऊ आणि चिकट. बाळाला हाताने कुस्करून द्यायला असा भात फार सोयीचा आहे. तो गाळून पेज करण्यापेक्षा मूगडाळीबरोबर शिजवून, चमच्याने घोटून गुरगुट्या भात करावा. काम तेवढंच पडतं, आणि पोटात अन्न जातं.

मोडाची करामत

पण लापशी घट्टही हवी आणि गिळता येईल इतकी सैलही हवी, या पेचातून सुटण्याची एक वाट मुळशीच्या डोंगरउतारांवरच उगवते. ती म्हणजे नाचणी, आणि तिला आणलेले मोड.

नाचणीचा दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो. त्याला वाढायला अन्न हवं असतं, आणि अन्न तर पिष्टाच्या साखळ्यांत कुलूपबंद. मग दाणा स्वतःच अमायलेज नावाचं विकर तयार करतो. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया भराभर घडवून आणणारं प्रथिन. अमायलेज त्या लांब साखळ्यांचे तुकडे करतं. अंकुरासाठी चाललेली ही खटपट आपण मध्येच थांबवतो: मोड आलेली नाचणी वाळवतो, दळतो, आणि ते पीठ बाळाच्या लापशीत वापरतो. साखळ्या तुटल्यामुळे त्या गुंतत नाहीत. त्याच वाटीत जवळजवळ तिप्पट पीठ मावतं आणि तरी लापशी चमच्यातून घसरते. तुटलेल्या साखळ्यांतले काही तुकडे चवीला गोडसर असतात, म्हणून मोडाच्या पिठाच्या लापशीला साखर लागत नाही.

ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांना अनुभवाने माहीत होती. तिच्यामागचं कारण १९८० च्या दशकात आपल्याच देशात नीट मोजलं गेलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देशिकाचार आणि मल्लेशी यांनी मोड आणलेल्या धान्यांपासून बाळांचा आहार तयार करण्यावर काम केलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी दाखवून दिलं की घट्ट लापशीत अशा पिठाचा नुसता एक लहान चमचा घातला, तरी ती काही मिनिटांत पातळ होते. पाण्याचा थेंबही वाढवावा लागत नाही.

घरी करायचं तर असं. नाचणी निवडून, स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवावी, अधूनमधून पाणी शिंपडावं. एक-दोन दिवसांत बारीक मोड दिसतात. मग वाळवायची, मोड चोळून काढायचे, दळायचं. बुरशीचा वास आला किंवा दाणे चिकट झाले तर ती नाचणी टाकून द्यावी, बाळासाठी वापरू नये. पावसाळ्यात मुळशीत हे वाळवण जमणं अवघड, म्हणून उन्हाळ्यातच करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावं.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत मोडाची नाचणी खमंग भाजून मग दळतात. वास छान येतो, टिकतंही जास्त, पण कडक उष्णतेने अमायलेज नष्ट होतं आणि पातळ करण्याची ताकद जाते. म्हणून त्यातलं थोडं पीठ न भाजता वेगळं ठेवावं. नेहमीची लापशी किंवा गुरगुट्या भात घट्ट शिजवून खाली उतरवावा, जरा वाफ गेल्यावर त्यात हे चमचाभर पीठ घालून ढवळावं, पाच-दहा मिनिटं थांबावं. सैल झालं की पुन्हा एक चांगली उकळी आणावी. कच्च्या मोडांत जंतू असू शकतात, ते या उकळीने मरतात.

दुसरा बारकावा नाचणी सत्त्वाचा. पारंपरिक पद्धतीत मोड आलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. तो पचायला हलका असतो यात शंका नाही. पण नाचणीचा खरा मोठेपणा तिच्या कॅल्शियममध्ये आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळात त्याच्या तुलनेत नगण्य असतं. हे कॅल्शियम बरंचसं सालीच्या अंगाला असतं आणि गाळताना चोथ्याबरोबर निघून जातं. मला विचाराल तर पहिले काही आठवडे सत्त्व द्यावं, आणि बाळ सरावलं की सबंध नाचणीचं बारीक चाळलेलं पीठ द्यावं.

पीठ कोणतंही असो, प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल हवंच. एका लहान चमच्यात ४५ कॅलरी येतात आणि जागा जवळजवळ लागतच नाही.

लोहाची शिदोरी

पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती भरली जाते आणि साधारण सहा महिने पुरते. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल तर ती आधीच संपते. अशा बाळाला लोहाचे थेंब कधीपासून द्यायचे हे डॉक्टरांना लवकर विचारावं. आईच्या दुधातलं लोह शोषलं फार चांगलं जातं, पण ते लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. म्हणजे सहा महिन्यांनंतर बाळाचं बहुतेक सगळं लोह चमच्यातूनच यावं लागतं.

ते येत नाही, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. याच पाहणीत देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी मुलं जेमतेम ११ टक्के निघाली. हे केवळ गरिबीचं चित्र नाही. शंभरातली ११ म्हणजे खात्यापित्या घरांतली मुलंही मोठ्या संख्येने बाहेरच राहिली.

लोह कमी पडलं की बाळ फिकट, किरकिरं होतं, भूक मंदावते, आणि भूक मंदावल्याने लोह आणखी कमी जातं. या वयात त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवरही होतो. म्हणून ही बाब मला वजनाइतकीच गंभीर वाटते.

धान्य-डाळींत लोह असतं, पण ते फायटेट नावाच्या पदार्थाने धरून ठेवलेलं असतं. भिजवणं आणि मोड आणणं यांनी ही पकड सैल होते. लिंबाचे चार थेंब, टोमॅटो, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. तेव्हा घोटलेल्या वरण-भातावर लिंबू पिळणं ही नुसती चवीची गोष्ट नाही. मासा, कोंबडीची कलेजी यांतलं काही लोह आणखी सहज शोषलं जातं. ज्या घरात हे किंवा अंडं खाल्लं जातं तिथे बाळाला वर्षभर थांबवून ठेवायचं कारण नाही. सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून, काटे काळजीपूर्वक काढलेला मासा, मऊ शिजवून वाटलेली कलेजी चालते.

याच्या नेमकं उलट काम चहा करतो. चहातले पदार्थ लोह बांधून टाकतात. 'चहात बुडवून बिस्कीट' हा अनेक घरांत बाळाचा सकाळचा नाश्ता असतो. त्यात साखर आहे, मैदा आहे, आणि नाचणीतून आलेलं लोह अडवणारा चहा आहे. तो बंद करावा. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध हे मुख्य पेय म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह अगदी कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने सूक्ष्म रक्तस्राव होतो. खिरीत थोडं दूध किंवा ताजं दही चालेल. सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर दिलं जातं. ते आशाताईंकडे मागून घ्यावं, आणि काळी शी झाली म्हणून घाबरून थांबवू नये.

चौकट: किती, किती वेळा, कसं

सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, हळूहळू अर्धी मोठी वाटी (साधारण १२५ मिलिलिटर). दिवसातून दोन-तीन वेळा. घोटलेलं, पण घट्ट.
नऊ ते अकरा महिने: अर्धी मोठी वाटी, तीन-चार वेळा, शिवाय एखादं मधलं खाणं. हाताने कुस्करलेलं, बारीक गुठळ्यांचं, बोटात धरता येईल असं.
बारा ते तेवीस महिने: पाऊण ते एक मोठी वाटी, तीन-चार वेळा, शिवाय एक-दोन मधली खाणी. घरातलंच जेवण, तिखट वगळून.
रोज: धान्य, डाळ, पिवळी-केशरी किंवा हिरवी भाजी, फळ, दही किंवा अंडं, आणि तूप-तेल.
वर्षाच्या आत नको: मध, साखर, वरून मीठ, चहा. बाटलीही नको, वाटी-चमचा बरा.

मिक्सरची सवय आणि घशाची भीती

हिंजवडीच्या बाजूला अडचण वेगळी दिसते. तिथे वाटी सकस असते, पण वर्ष-दीड वर्ष होऊनही सगळं मिक्सरमधून काढलेलं. डोळ्यांपुढे मोबाइल, आणि बाळाच्या नकळत तोंडात जाणारे चमचे.

चावणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ते शिकण्याचा एक काळ असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांना गुठळ्यांचं अन्न दहाव्या महिन्यानंतर मिळालं, ती पुढे खाण्याच्या बाबतीत अधिक हट्टी झाली. दात नसले तरी बाळ हिरड्यांनी मऊ घास चेचू शकतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून मिक्सर बाजूला ठेवून काट्या-चमच्याने किंवा हाताने कुस्करावं.

घास अडकण्याची भीती खरी आहे, म्हणून दोन गोष्टींतला फरक कळला पाहिजे. बाळ उमासे देतं, खोकतं, लाल होतं, आवाज करतं, तेव्हा त्याचं शरीर स्वतःच घास पुढे आणत असतं. बोट घालू नका. बाळ अचानक शांत झालं, रडू किंवा खोकू शकत नाही, निळसर पडलं, तर ते गुदमरतंय. त्याला हाताच्या आधाराने पालथं, डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्यावेत. तेवढ्याने सुटलं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावं. पुन्हा ठोके, पुन्हा दाबणं, आणि त्याच वेळी कुणीतरी १०८ ला फोन करावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, सुपारीचे तुकडे लहान मुलाच्या हाती लागू देऊ नयेत.

शेंगदाण्याचं बारीक कूट मात्र जरूर द्यावं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात, आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ८१ टक्क्यांनी कमी आढळली. तीव्र इसब असलेल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

मधाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जन्मल्यावर मध चाटवणं, मधातून गुटी देणं ही आपल्याकडची मायेची रीत. पण मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नकोच.

नवी चव बाळाने थुंकली तर ती नावडती ठरवू नये. बहुतेक बाळांना एखादी भाजी आपलीशी वाटायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. आज भोपळा थुंकला तर तीन दिवसांनी पुन्हा एक चमचा, जबरदस्ती न करता. बाळाने तोंड मिटलं, मान फिरवली की जेवण संपलं. तो त्याचा निर्णय आहे, आणि मोबाइल लावून तो मोडला तर भूक-तृप्तीची त्याची स्वतःची जाण बोथट होते.

लावणीच्या दिवसांतली वाटी

मुळशीत आषाढ म्हणजे भातलावणी. पहाटे भाकऱ्या थापून आई चिखलणी झालेल्या खाचरात उतरते ती संध्याकाळीच वर येते. बाळ आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे. सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत झाकून ठेवलेली. दमट, कोमट हवेत त्या पेजेतले जंतू तासातासाला कैक पटींनी वाढतात, आणि पावसाचं गढूळ पाणी त्यात भर घालतं. मग जुलाब. एका जुलाबाने बाळ दोन-चार दिवस खात नाही, घरचेही 'पोटाला विश्रांती' म्हणून देत नाहीत, आणि महिन्याभराची वाढ जाते.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवावं. ते शक्य नसेल तर मोडाचं पीठ, भाजलेलं डाळ-तांदळाचं पीठ, कूट हे कोरडं ठेवून आजीला भुकेच्या वेळी उकळत्या पाण्यात ताजं करता येतं. भरवणाऱ्याचे आणि बाळाचेही हात साबणाने धुवावेत. जुलाबात दूध आणि खाणं चालूच ठेवावं, जलसंजीवनी द्यावी, झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण कराव्यात, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं.

भरवायला वेळ कुणाकडे आहे?

आतापर्यंतची सगळी माहिती आईला पाठ असली तरी एक गोष्ट उरते: वेळ. सात महिन्यांच्या बाळाला घट्ट घास भरवायला अर्धा तास लागतो, दिवसातून तीनदा. पातळ पेज मात्र पाच मिनिटांत पाजून होते. पेज पातळ राहण्यामागे पिष्टाच्या साखळ्यांइतकीच ही घाईही आहे.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते. म्हणजे सगळी रजा बाळंतपणानंतर घेतली तरी ती सहा महिन्यांनी, नेमकी वरचं खाणं सुरू होताना संपते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असंही तोच कायदा सांगतो. हिंजवडीतल्या आई-वडिलांनी ते हक्काने मागावं, बापानेही मागावं. खाचरात उतरणाऱ्या बाईला यातलं काहीच लागू होत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद आहे, पण लावणी बहुधा स्वतःच्या शेतात नाहीतर सावड करून होते.

म्हणून मुळशीतल्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. लावणीच्या तीन-चार आठवड्यांपुरती गावातली अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवा. मदतीला गावातल्याच दोन बायका मोबदला देऊन नेमा. चूल, स्वच्छ पाणी, मूगडाळ, इंद्रायणीच्या कण्या, तेल आणि मोडाच्या नाचणीचा एक डबा, एवढं सामान पुरेल. ग्रामपंचायतीचा खर्च फार होणार नाही, आणि ठराव करायला उन्हाळ्यातली ग्रामसभा ही योग्य वेळ आहे, कारण नाचणीचे मोड तेव्हाच वाळतात.